अकाली कोणत्या पंचांगाने?

हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई (१९२८–२०२१) यांनी १९९२ साली आपल्या देशास ‘अकाली कल्याणकारी राज्य’ असे नाव दिले. साम्यवाद कोसळलेल्या देशांच्या चर्चेत हा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला. म्हणूनच तो पारखून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोर्नाई यांचा मुद्दा असा : देशाच्या उत्पन्नाला झेपणार नाहीत इतके लाभ हंगेरीने देऊ केले आणि त्यांची खरी किंमत नागरिकांना कधी दिसलीच नाही. हा मुद्दा पोकळ नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पूर्व युरोपात दरडोई परकीय कर्ज हंगेरीवरच सर्वाधिक होते. समाजवादी टंचाईची कारणमीमांसा १९८० सालीच, त्या व्यवस्थेत राहून करणाऱ्या या लेखकाला हिशेब शिकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

परंतु ‘अकाली’ म्हणताना काळाची गणना कोठून करावयाची? औद्योगिक कामगारांचा सक्तीचा आजारविमा तेथे १८९१ साली, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजसत्तेतच आला. वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा १९२८ चा. महायुद्धाने आणि १९४५-४६ च्या भीषण चलनवाढीने त्या विम्याची गंगाजळी नष्ट केली. साम्यवादी राजवटीने जुन्याच पायावर मजले चढविले. मात्र वर जाण्याचा मुख्य जिना एकच ठेवला, तो नोकरीचा. पगार तुटपुंजा, परंतु दवाखाना आणि म्हातारपण सरकारकडे, असा तो अलिखित करार होता. कमी मोबदल्यात केलेले श्रम ही त्या लाभांची आगाऊ भरलेली किंमतच नव्हे काय? ‘अकाली’ या शब्दात ही जमेची बाजू मावत नाही.

१९९० नंतरच्या काही वर्षांत, सुमारे एक कोटी वस्तीच्या या देशात दहा लाखांहून अधिक रोजगार नाहीसे झाले. अनेकांना मुदतपूर्व निवृत्ती वा अपंगत्वाचे निवृत्तिवेतन देऊन मार्गी लावण्यात आले. बेकारीचा भार अशा रीतीने निवृत्तिवेतनाच्या खात्यावर चढला. मार्च १९९५ मध्ये अर्थमंत्री लायोश बोक्रोश यांनी कपातीची योजना जाहीर केली. कोर्नाई यांनी तिला पाठिंबा दिला. त्याच वर्षी घटना न्यायालयाने तिच्यातील काही तरतुदी रद्द केल्या. लाभ बदलता येतील, पण त्यांच्या भरवशावर संसाराची आखणी केलेल्यांना पुरेशी मुदत न देता नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांला या निर्णयाचे मोल विशेष जाणवते.

पुढे १९९८ साली निवृत्तिवेतनाचा काही भाग सक्तीच्या खासगी निधीकडे सोपविला गेला. सभासद सुमारे तीस लाखांवर पोहोचले. २०१०-११ मध्ये वेगळ्या सरकारने तो निधी जवळजवळ संपूर्ण परत घेतला आणि सभासदांना सरकारी व्यवस्थेत परतणे भाग पडावे अशा अटी घातल्या. बारा-तेरा वर्षांत एकाच पिढीच्या म्हातारपणाचा आराखडा दोनदा बदलला.

कोर्नाई यांनी राज्याच्या ऐपतीचा प्रश्न विचारला, तो रास्तच. पण चाळीस वर्षे राबलेल्या माणसाला राज्याने दिलेला शब्द हेही एक कर्जच असते. परकीय सावकाराचे देणे ताळेबंदात लिहावयाचे आणि हे देणे मात्र ‘अकाली’ ठरवावयाचे, ही विभागणी आम्हांस मान्य होण्यासारखी नाही.