‘सामान्य’ या शब्दाचे दोन अर्थ आणि मावळातील पाईक

वैशेषिक दर्शनात ‘सामान्य’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. अनेक गाईंच्या ठिकाणी जसे एकच गोत्व, तसे अनेकांत अनुस्यूत असणारे जे, ते सामान्य होय. त्यात हीनतेचा लेशही नाही. मराठीत मात्र या अर्थाशेजारी ‘विशेष नसलेले, म्हणून कमी प्रतीचे’ हा दुसरा अर्थ रूढ झाला. ‘साधारण’ या शब्दाचीही तीच गत आहे. ‘सर्वसाधारण सभा’ ही सर्व सभासदांची सभा असते. ‘साधारण कविता’ मात्र बेताचीच ठरते.

या द्व्यर्थाने समीक्षेत होणारा घोटाळा ‘सामान्य मावळा’ या शब्दप्रयोगात स्पष्ट दिसतो. भोरकडील रोहिडखोरे व हिरडस मावळ, तसेच वेल्ह्याकडील (आताच्या राजगड तालुक्यातील) गुंजण मावळ व कानदखोरे, या मुलखाचा रहिवासी तो मावळा. शब्दात प्रतवारी नाही. ‘सामान्य’ हे विशेषण जोडताच मात्र त्याचा निर्विशेष जमाव होतो. वस्तुतः सभासद बखरीत नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी पायदळाची रचना सांगितली आहे. त्या रचनेत पाइकाचे स्थान निश्चित होते.

मग त्याला सामान्य म्हणण्याचे कारण काय? त्याचे नाव कागदात नाही, हेच प्रायः खरे कारण होय. 1659 साली अफझलखानाच्या स्वारीप्रसंगी कारीचे कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूस उभे राहिले, हे वृत्त जेधे करीन्यात येते. परंतु करीना हा देशमुखांच्या कुळाचा पूर्ववृत्तांत. वतनाचा हक्क व मान राखणे हे अशा कागदांचे प्रयोजन. त्यात वतनदारांची नावे येणार, पाइकांची येणार नाहीत. 1660 साली घोडखिंडीत लढलेल्या बांदलांच्या जमावाचेही तसेच आहे: कीर्ती घराण्याच्या नावे राहिली, बहुतेक लढणारे अनामिक राहिले.

अनामिकता हा साधनाचा धर्म आहे, व्यक्तीचा नव्हे. तो व्यक्तीवर आरोपित करून पुढे तिच्या ‘साधेपणा’चे कौतुक करणे, हा गौरवाच्या रूपाने केलेला अवमानच ठरतो. यास्तव ‘सामान्य’ हे विशेषण भेटेल तेथे ‘सर्वांना समान’ हा अर्थ घालून वाक्य वाचावे. ते टिकले, तर लेखक समूहाच्या समाईक जीवनाविषयी बोलत आहे. कोसळले, तर तो केवळ प्रत लावत आहे.