अमूर्त रेषा आणि संगणकीय पडदा : पदमसी, बरवे व मलानी यांच्या संदर्भात

मराठीतील अमूर्त चित्रकलेची बरीचशी समीक्षा वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांच्या छायेत वाढली. मौन, ध्यान, अवकाश ही तिची आवडती परिभाषा. रंगांचे थर चढवून-खरवडून सिद्ध झालेल्या त्या कॅनव्हाससमोर हे शब्द शोभतातही. टॅब्लेटच्या काचेवर बोटाने ओढलेल्या रेषेसमोर मात्र ते निरुपयोगी ठरतात. परिणामी संगणकीय रेखाटनाविषयी आपल्याकडे दोनच प्रकारची विधाने ऐकू येतात. यंत्रावर काढलेले ते चित्रच नव्हे, हे पहिले. माध्यम नवे म्हणून आविष्कारही नवा, हे दुसरे. दोन्ही विधाने चित्र न पाहताही करता येतात, ही त्यांची खरी अडचण होय. प्रस्तुत लेखात त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारले आहेत : रेषेला विरोध कोठून मिळतो आणि रेषेला सामग्री कोठून मिळते?

पहिल्या प्रश्नाचा शोध मुंबईत टॅब्लेट येण्यापूर्वीच सुरू झाला होता. अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांना जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा त्या पैशांतून त्यांनी स्वतःपुरते काम न करता १९६९ मध्ये नेपियन सी रोडवर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले. चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक, छायालेखक यांनी एकमेकांची साधने हाताळावीत, अशी ती जागा होती. मणी कौल, कुमार साहनी, के. के. महाजन यांचा तेथे वावर होता. याच काळात पदमसींनी ‘सिझिजी’ हा सुमारे अकरा मिनिटांचा, कृष्णधवल व मूक चित्रपट केला. त्यासाठी त्यांनी सुमारे एक हजार रेखाटने केली आणि राम मोहन यांनी ती सचेतन केली. शीर्षकाचा अर्थ खगोलशास्त्रातील : गोल एका रेषेत येण्याची स्थिती. पडद्यावर कथा नाही, वस्तू नाही. केवळ बिंदू, रेषा, त्यांतून उमलणारे व मोडणारे भौमितिक आकार.

या हजार रेखाटनांमागे लहर नाही, नियम आहे. कोणती रेषा कोठून निघेल, कोठे वळेल, हे आधी ठरविलेल्या क्रमाने सिद्ध होते. हात स्वतःवरच बंधन घालून घेतो आणि त्या बंधनातून असा आकार निघतो, जो हाताला एरवी सुचला नसता. आज ज्याला आपण ‘प्रोग्रॅम’ म्हणतो त्याचे हे तत्त्व कागद आणि शाई यांवर साकार झाले आहे. पदमसींनी पुढे प्रत्यक्ष संगणकावर चित्रे केली व त्यांना ‘कॉम्प्युग्राफिक्स’ असे नाव दिले. माझ्या मते ती या चित्रपटाच्या तोडीची नाहीत. तेथे यंत्र छटा पुरविते. विचार मात्र चित्रकाराच्या जुन्या आकारांतच फिरत राहतो. संगणकीय बुद्धीने घडलेली पदमसींची खरी कलाकृती संगणकाविना तयार झाली, असा हा काहीसा गमतीचा निष्कर्ष आहे. (त्याच काळातील त्यांचा दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हरवला. २०१६ मध्ये आशिम अहलुवालिया यांनी त्याच नावाने केलेल्या चित्रपटातूनच आता त्याची कल्पना करता येते.)

तथापि ‘सिझिजी’त एक उणीव जाणवते. नियमाला खाद्य लागते, आणि येथे नियम स्वतःलाच खात राहतो. शेवटच्या मिनिटांत आकार बदलतात, पण आपल्याला त्यांचे काही वाटेनासे होते.

येथे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची आठवण अपरिहार्य आहे. घड्याळ, पान, फळ अशा घरातल्या-अंगणातल्या वस्तू त्यांनी चित्रात आणल्या. पण त्या वस्तूंविषयी काही सांगण्यासाठी नव्हे. एनॅमल रंगाच्या सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर पान ठेवले की भोवतीची रिकामी जागा किती जड होते, याचा तो हिशेब आहे. १९९० साली प्रकाशित झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या त्यांच्या ग्रंथातील चिंतनही वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या याच नात्याभोवती फिरते. दैनंदिनातून प्रेरणा घेणे म्हणजे दैनंदिन वस्तूचे चित्र काढणे, हा समज बरवे यांच्यामुळे तरी मागे पडायला हवा होता. तो पडलेला नाही.

नियम आणि दैनंदिन यांची गाठ त्या कार्यशाळेतील एका तरुण चित्रकर्तीने घातली. १९६९ मध्ये नलिनी मलानी तेवीस वर्षांच्या होत्या. घराची लहान प्रतिकृती आणि रंगीत प्रकाश यांच्या साहाय्याने, चौकट-चौकट टिपत त्यांनी ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट केला. त्यात आधुनिक वास्तुकलेच्या आशावादाचे जवळपास अमूर्त रूप आहे. काही वर्षांनी त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा पडदा ठेवला. त्यावर एक तरुणी मुंबईच्या प्रत्यक्ष वस्तीकडे पाहत उभी आहे. ‘युटोपिया’ (१९६९–७६) ही जोडकृती अशी झाली. अमूर्त आकार तोच राहिला. शेजारच्या शहराने त्याचा अर्थ उलटविला.

याच मलानींनी सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटाने चित्रे काढण्यास आरंभ केला. त्यांतील ८८ सचेतन रेखाटनांची ‘कॅन यू हिअर मी?’ ही मांडणी २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत झाली. ती अमूर्त नाहीत. कठुआ येथे २०१८ साली बळी पडलेल्या बालिकेचा संदर्भ त्यांच्यामागे आहे. बातम्या, वाचन, रोजची चीड यांतून ती आली आहेत. परंतु आपल्या पहिल्या प्रश्नाला त्यांतून महत्त्वाचे उत्तर मिळते. काचेला दाणा नाही, शाई फुटत नाही, चुकलेली रेघ एका स्पर्शाने नाहीशी होते. कागदावर खोडलेल्या रेषेचा व्रण उरतो. पडद्यावर उरत नाही. स्थिर संगणकीय चित्र म्हणूनच अनेकदा निष्कारण नीटनेटके दिसते. मलानी खोडणेही चौकटीत धरतात. चेहरा उमटतो, त्यावर गिरगटले जाते, अक्षरे येतात, पुसली जातात, आणि हे सारे प्रेक्षकासमोर घडते. काचेने नाकारलेला विरोध येथे काळाने पुरविला आहे.

हा प्रश्न आपल्या महाविद्यालयांच्या दारात उभा आहे, कारण विद्यार्थी आता रेखाटन फोनवर करून आणतात आणि त्याखाली ‘अमूर्त’ असे लिहितात. मीरा-भाईंदर परिसरात सामग्रीची वाण नाही. खाडीलगतच्या मिठागरांकडे पाहावे. बांधांनी आखलेले चौकोन दुरून काटेकोर भासतात. जवळून पाहता एकही कोन काटकोन नसतो, कारण मातीचा बांध पाण्यासमोर वाकतो. खाऱ्या पाण्याची पातळी चढते-उतरते, मीठ धरू लागते आणि तोच चौकोन करड्याचा पांढरा होतो. येथे नियमही आहे आणि नियमाला विरोधही. फोनवरील सॉफ्टवेअर मात्र हाताची रेषा आपोआप सरळ करून देते, आणि मिठागराचे जे सत्य ते नेमके तेथेच गळून पडते.

मूल्यमापन करताना तयार चित्राबरोबर त्याच्या घडणीची नोंदही मागावी. अनेक चित्रण-सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप साठते. त्या नोंदीत काही रेषा पुसलेल्या दिसतील, काही सॉफ्टवेअरने सरळ केलेल्या आणि काही विद्यार्थ्याने मुद्दाम वाकड्या ठेवलेल्या. गुण देण्याचा विचार या तिसऱ्या प्रकारापासून सुरू करता येईल.