बाजेवर झोपलेला ड्रायव्हर

बेसात बोलतो आहोत, तर इथूनच सुरुवात करू. इथून वर्धा रोड किती लांब? म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग ४४. नागपुरातच त्याला सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा ५३ क्रमांकाचा रस्ता भेटतो. म्हणून आपल्याकडच्या ढाब्यावर पंजाबचा आणि तामिळनाडूचा ट्रक शेजारी शेजारी उभा असतो.

आता फोटो. अमेरिकेत एड रुशे यांनी १९६३ मध्ये सव्वीस पेट्रोल पंपांचं पुस्तक केलं, जवळपास निर्मनुष्य. रायन फोर्ड यांच्या २०१६ च्या पुस्तकात रस्त्याकडेचे विसावे आहेत: बाकं, छपरं, मागे वाळवंट. तेही रिकामे. तिथे ते खरं आहे, कारण ते विसावे बंद पडत होते. पण आपली पोरं तसाच रिकामेपणा आणायला ढाब्यावरची माणसं फ्रेमबाहेर जाईस्तोवर थांबतात! मग त्या फोटोतली हुरहूर फक्त फोटोग्राफरची उरते. त्यापेक्षा रघुबीर सिंग बरे. अॅम्बेसेडरचं दार, आरसा, काच हे सगळं ते फोटोत राहू द्यायचे. आपण गाडीतून बघतोय, थांबणारे नाही, हे ते लपवत नाहीत.

पण माणूस घेतला म्हणजे झालं, असंही नाही. आम्हीच एकदा पहाटे बाजेवर झोपलेल्या ड्रायव्हरचा फोटो काढला. उशाला चपला, मागे ताडपत्री. खूप खूश होतो. तो उठला, फोटो पाहिला आणि म्हणाला, हा नको, घरचे बघतील. तोंड धुतलं, केस विंचरले, गाडीला टेकून ताठ उभा राहिला. नंबर प्लेट दिसली पाहिजे, हेही सांगितलं.

दुसरा फोटो सपाट आहे, आम्हाला मान्य आहे. पण ओढ त्यातच आहे ना? घरी कसं दिसायचं, हे त्यानं ठरवलं. पहिल्यात फक्त त्याचा थकवा होता, तोही न विचारता घेतलेला. म्हणून पहिला आज पडद्यावर नाही. तुम्ही म्हणाल, चांगला फोटो वाया घालवला. असेल.

आणि समृद्धी? ७०१ किलोमीटर, दोन्हीकडे कुंपण. वाटलं तिथे उतरून चहा घ्यायची सोय नाही, ठरलेल्या थांब्यावरच थांबायचं. तिथे बाज नाही, पार्किंगच्या पट्ट्या आहेत. ड्रायव्हर झोपतो तो केबिनमध्ये, काच वर करून. त्याचा फोटो कसा काढायचा, हे आम्हाला अजून जमलेलं नाही. कुणी काढला असेल तर नंतर दाखवा.