पाचव्या अंकाचे चित्र

उज्जयिनीच्या महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले, हे आपल्या यात्रेकरूंस ठाऊक असते. याच नगरीत १९५८ पासून कार्तिकी एकादशीच्या सुमारास कालिदास समारोह भरतो व त्यात कालिदासाच्या कृतींवरील चित्रे मांडली जातात. तिकडे मात्र त्यांची पावले क्वचितच वळतात. आम्हांस लिहावयाचे आहे ते या चित्रविषयासंबंधी.

शकुंतला म्हटली की काय डोळ्यांपुढे येते? कमलपत्रावर प्रेमपत्र लिहिणारी, काट्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी तरुणी. राजा रविवर्म्याने ही रूपे रंगविली आणि शिळाछापाने ती घरोघरी पोचविली. ती मोहक आहेत, याविषयी आमचा वाद नाही. पण नाटक तेथे संपत नाही. (किर्लोस्करांनीही १८८० साली प्रथम चारच अंक रंगभूमीवर आणले होते; उरलेले त्यांनी मागाहून पुरे केले.)

पाचव्या अंकात गर्भवती शकुंतला भर दरबारात उभी आहे. राजा तिला ओळखत नाही. उलट स्त्रीजातीच्या उपजत कपटाचे दाखले देतो. ती त्याला अनार्य म्हणते, गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा देते. सोबत आलेला शार्ङ्गरव तरी तिला माघारी नेईल? पतिगृही दासी होऊन राहणेही बरे, असे बजावून तोही निघतो. शापाच्या योजनेने कवीने राजाला दोषातून सोडविले. महाभारतातील दुष्यंताला तर सारे आठवत असते, आणि तरीही तो नाकारतो. स्त्रीच्या छळाविरुद्ध चित्र काढू पाहणाऱ्याने आणखी कोणता विषय शोधावा?

असे चित्र घोषणेवाचूनही साधते, याचा दाखला बडोद्यास आहे. नीलिमा शेख यांनी १९८४ साली 'व्हेन चंपा ग्र्यू अप' ही १२ लहान चित्रांची मालिका केली. चंपा त्यांच्या परिचयातील मुलगी. लग्नानंतर हुंड्यापायी तिचा बळी गेला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीच झाला होता, हे येथे आठवावे. अवखळ बालपण, विवाह, सासरचे स्वयंपाकघर, आग, असा तो क्रम. रेषा व रंग आपल्या जुन्या लघुचित्रांच्या कुळातले; ज्या नाजूक हाताने नायिका रंगविल्या गेल्या, त्याच हाताने हा घात रंगविलेला. आकार लहान म्हणून पाहणाऱ्यास जवळ जावे लागते, आणि जवळ गेल्यावर नजर चुकविता येत नाही. मोठ्या फलकावर हाच विषय आरडाओरडा ठरला असता, असे आमचे मत आहे.

कालिदासाच्या नगरीत असे धैर्य कोणी दाखवील काय? दरबारच रंगवावा, असा आमचा आग्रह नाही. दोन्ही ऋषिकुमार पुढे चालू लागले आहेत, शकुंतला रडत मागे येत आहे, आणि वृद्ध गौतमी तेवढी थबकून मागे पाहत आहे. आम्हांस त्या गौतमीचा चेहरा पाहावयाचा आहे.