‘द लॅन्सेट’ : एका वैद्यकीय नियतकालिकाच्या अधिकाराची मीमांसा

प्रस्तावना :
वैद्यकीय नियतकालिकांच्या इतिहासात ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश साप्ताहिकाचे स्थान महत्त्वाचे आहे. थॉमस वेकली या शल्यचिकित्सकाने ५ ऑक्टोबर १८२३ रोजी लंडनमध्ये त्याचा आरंभ केला. लॅन्सेट म्हणजे शस्त्रक्रियेतील धारदार पाते. उंच व निमुळत्या कमानीच्या खिडकीसाठीही इंग्रजीत हाच शब्द आहे. साचलेला पू काढणे आणि प्रकाश आत घेणे ही दोन्ही कार्ये या नावातून सूचित होतात. प्रस्तुत लेखात याच दोन कार्यांच्या कसोटीवर या नियतकालिकाचे मूल्यमापन केले आहे.

विरोधातून मिळालेला अधिकार :
तत्कालीन लंडनच्या रुग्णालयांतील नेमणुकांवर नातेसंबंधांचा मोठा प्रभाव होता, तर नामवंतांची व्याख्याने शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होती. वेकली यांनी सर ॲस्टली कूपर यांची व्याख्याने छापून या मक्तेदारीला धक्का दिला. १८२८ मध्ये ॲस्टली यांचे पुतणे ब्रान्सबी कूपर यांनी गाय्ज रुग्णालयात केलेली मूतखड्याची शस्त्रक्रिया जवळजवळ तासभर लांबली व रुग्ण दगावला. ‘लॅन्सेट’ने त्यावर कठोर टीका केली. ब्रान्सबी यांनी अब्रुनुकसानीपोटी दोन हजार पौंड मागितले. न्यायालयाने शंभर पौंड मंजूर केले. पुढे १८५१ ते १८५४ या काळात आर्थर हिल हॅसल यांनी केलेल्या अन्नभेसळीच्या तपासण्या दुकानदारांच्या नावांसह येथे प्रसिद्ध झाल्या. १८६० च्या भेसळविरोधी कायद्यामागे या कार्याचा मोठा वाटा होता.

प्रभाव आणि प्रमाद :
जोसेफ लिस्टर यांची जंतुरोधक शस्त्रक्रियापद्धती (१८६७) आणि पेनिसिलिनच्या उपचारक्षमतेवरील ऑक्सफर्डच्या गटाचे संशोधन (१९४०) येथेच प्रसिद्ध झाले. मात्र पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो असे सांगणाऱ्या जॉन स्नो यांची याच नियतकालिकाने १८५५ मध्ये अवहेलना केली. १८५८ मधील त्यांच्या त्रोटक मृत्युलेखात पटकीवरील कार्याचा उल्लेखही नव्हता. ही उणीव २०१३ मध्ये दुरुस्त करण्यात आली.

याहून गंभीर प्रमाद १९९८ मध्ये घडला. ॲन्ड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांच्या केवळ बारा मुलांवरील निबंधातून गोवर, गालगुंड व रुबेलाची एकत्रित लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सूचित झाला. ब्रिटनमध्ये लसीकरण घटले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले. ब्रायन डीअर या पत्रकाराने २००४ पासून यातील गैरप्रकार उजेडात आणले. निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो मात्र २०१० मध्ये. २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा, सुमारे ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारल्याचे सांगितलेला निबंध दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. कारण मूळ माहितीची स्वतंत्र तपासणी करता आली नाही.

या दोन्ही प्रसंगांतून तज्ज्ञपरीक्षणाची मर्यादा स्पष्ट होते. परीक्षक हस्तलिखित वाचतो. रुग्णांच्या मूळ नोंदी सहसा पाहत नाही. दोन्ही वेळा दोष बाहेरच्यांनी दाखविले. जे काम वेकली यांनी रुग्णालयांबाबत केले, तेच आता इतरांना ‘लॅन्सेट’बाबत करावे लागले.

गडचिरोलीचा संदर्भ :
डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांचे ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरील (१९८९) आणि घरोघरी दिलेल्या नवजात बालसेवेवरील (१९९९) संशोधन ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. दुसऱ्या अभ्यासात नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जगाने ते वाचले यात या नियतकालिकाच्या प्रतिष्ठेचा वाटा निश्चितच आहे. परंतु त्या निष्कर्षांची सत्यता लंडनच्या मुद्रेतून आलेली नाही. गावोगावी ठेवलेल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींतून आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांतून ती सिद्ध झाली.

समारोप :
शोधनिबंध कोठे छापला, यावरून त्याचे मोल ठरविण्याची सवय महाविद्यालयीन क्षेत्रातही रुजली आहे. ‘लॅन्सेट’चा इतिहास या सवयीला छेद देतो. प्रतिष्ठेमुळे सत्य दूरवर पोहोचते आणि असत्यही तितकेच दूर जाते. म्हणून नियतकालिकाचा खरा अधिकार त्याच्या नावात नसून आपली चूक किती लवकर व किती उघडपणे मान्य केली जाते, यात आहे. या कसोटीवर वेकफिल्ड प्रकरणातील बारा वर्षे ‘लॅन्सेट’च्या विरोधात साक्ष देतात. दुसऱ्यांवर चालविलेले पाते स्वतःवरही चालविणे, हेच वेकली यांच्या वारशाचे खरे पालन ठरेल.