‘एक शून्य शून्य’ : फोन नसलेल्या गावातून

मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही मालिका पुन्हा पाहताना तिचे शीर्षकच मला महत्त्वाचे वाटू लागले. मुंबई पोलिसांच्या प्रत्यक्ष तपासांवर बेतलेल्या या मालिकेच्या नावात अधिकारी नाही, नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. म्हणजे गोष्ट सुरू होते ती मदत मागणाऱ्यापासून.

१९६२ साली बीबीसीच्या ‘झेड कार्स’ने गस्तीची मोटार केंद्रस्थानी आणली; येथे तो मान टेलिफोनला मिळाला. पण त्या काळी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वाड्यावस्त्यांवर घरोघर टेलिफोन होता कुठे? गावातली वर्दी आधी पोलीस पाटलाकडे जाई. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ने त्याला ते काम दिलेले. तो बहुधा कुणाच्या तरी भावकीतला. तक्रार करायची तर पहिली भीती गुन्हेगाराची नव्हे, भावकीची. मधल्या कुणालाही न विचारता पोलिसांना थेट बोलावता येते, हेच बारामती-इंदापूरकडच्या प्रेक्षकाला खुनापेक्षा नवलाचे होते.

दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम १९९८ मध्ये ‘सीआयडी’त पुन्हा एकत्र आले. या नावात पोलीस खाते आले आणि पडद्यावर फोन करणारा मागे सरून दार तोडणारा पुढे आला. लोकप्रियता अफाट मिळाली. तक्रारदार मात्र हरवला.

आता क्रमांक ११२ झाला, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला. तरी तो लावण्याआधी भावकी आठवतेच. म्हणूनच ही जुनी मालिका मला अजून जुनी वाटत नाही.