बोहारणीची नजर

आज बोलायचंय ते जुनी वस्तू अचानक सापडण्याच्या आनंदाबद्दल. आनंद तसा छोटाच. चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, तासभर वाकून धूळ उपसायची आणि एखादी ७८ आरपीएमची जाझ रेकॉर्ड हाती लागायची. किंवा कुणाचा तरी जुना कोट अंगात घालावा आणि तो खांद्यांना नेमका बसावा. हा आनंद आम्हीही घेतो. त्यामुळे पुढे जी टीका येईल, तिच्यातून आम्ही स्वतःला वगळलेलं नाही.

आमची तक्रार अशी, की आपण वस्तू शोधतो असं म्हणतो, पण बहुतेक वेळा शोधतो ते लेबल. रेकॉर्डवर ‘फॉक्सट्रॉट’ किंवा ‘स्विंग’ छापलेलं दिसलं की खिशात हात जातो. कोटाची कॉलर उलटून आधी ब्रँड बघितला जातो. शेजारच्या टोपलीतल्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डी मात्र आपण पत्त्यांसारख्या पिसून पुढे जातो.

आता त्या टोपलीत काय असतं बघा. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या सोबतीनं आणि त्यांचं ऐकून गोव्याचे वादक तयार झाले. नोटेशन ते गावच्या चर्चच्या शाळेतच शिकलेले होते. अल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. ट्रम्पेट वाजवायचे, आणि मुंबई त्यांना ओळखायची ‘चिक चॉकलेट’ म्हणून. हे लोक रात्री हॉटेलात वाजवायचे आणि दिवसा फिल्मी स्टुडिओत. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांच्या संगीतात चिक यांचा हात आहे. त्यांचा बँड तर पडद्यावरही दिसतो. पण चित्रपटगीतांच्या रेकॉर्डवर नावं असायची ती चित्रपटाची, गायकांची, संगीतकाराची. ट्रम्पेट कुणाचं, हे सहसा छापतच नसत.

म्हणजे गंमत अशी, की तोच माणूस, तीच फुंकर. एका टोपलीत ती ‘दुर्मीळ जाझ’ आणि दुसरीत किरकोळ माल. फरक फक्त कागदाच्या गोल तुकड्याचा. मग आपण ज्याला रसिकता म्हणतो, ती कानाची की डोळ्याची?

इथे आम्हाला बोहारीण आठवते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती बाई दारात बसायची, तेव्हा कोट कुठल्या दुकानातला हे तिनं कधी विचारलं नाही. ती कापड उजेडात धरायची. विरलंय कुठे, शिलाई उसवून पुन्हा घातलीय का, काठ धड आहेत का, हे बोटांनी चाचपायची. मगच पातेलं की नुसती वाटी, ते ठरायचं. आमच्या मते समीक्षेचा याहून चांगला धडा नाही.

रेकॉर्डही अशीच उजेडात धरता येते. शेलॅकच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. जुन्या ग्रामोफोनची जड पोलादी सुई आधी झिजवते ते जोरकस स्वरांचे खाचे. काळी चकाकी जाऊन तिथे करडेपणा येतो. एक बाजू करडी आणि दुसरी काळीभोर असेल, तर त्या घरात काय पुन्हा पुन्हा वाजलं ते कळतं. संग्राहक याला दोष मानतो आणि किंमत पाडतो. आम्ही म्हणतो, कुणीतरी तिथे मन लावून ऐकलंय, आपणही तिथेच आधी ऐकावं.

तेव्हा पुढच्या वेळी दुसऱ्या टोपलीपाशी बसा. गाणं लावा, आणि गायिका श्वास घेते त्या फटीत कोण वाजवतंय तेवढंच ऐका. नाव मिळालं तर रेकॉर्डच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. आपल्यानंतर ती कुणाला तरी सापडणारच आहे.